हेडलाइट लागतात, मग गाडी सेल्फ का घेत नाही?

‘हेडलाइट झगझगीत लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे. सेल्फच गेला असणार.’ या एका समजुतीपायी किती चांगल्या स्टार्टर मोटरी विनाकारण खोलल्या जातात! साधे हॅलोजनचे दोन हेडलाइट मिळून जेमतेम नऊ-दहा अँपिअर घेतात. स्टार्टर मोटर छोट्या पेट्रोल गाडीतही 100 अँपिअरच्या वर ओढते, डिझेलमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. त्यामुळे हेडलाइट लावून ठेवा आणि मग सेल्फ मारा. प्रकाश एकदम मंदावला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असते. क्वचित मोटर अडकलेली असते. प्रकाश तसाच राहिला, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही.

आवाजावरूनही घाईने निकाल दिला जातो. भराभर ‘टकटकटक’ ऐकू आले तर आधी बॅटरी आणि टर्मिनल पाहावेत. एकच ठसठशीत ‘टक’ झाला तर सॉलेनॉइडचे जळके कॉन्टॅक्ट, झिजलेले कार्बन ब्रश किंवा जाड केबल तपासावी. काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, रिले, क्लच पेडलचा स्विच आणि इमोबिलायझर. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे ना, हेही बघावे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र केबलचा आहे. मल्टिमीटर ‘बीप’ वाजला म्हणजे केबल चांगली, असे आपण धरून चालतो. पण मीटरचा तो करंट अगदी नाममात्र असतो. दहा तारांपैकी नऊ तुटल्या असल्या तरी तो बीप वाजवेलच. 150 अँपिअर वाहताना एका ओहमचा अवघा शंभरावा भागही दीड व्होल्ट खाऊन टाकतो! म्हणून केबल तपासायची ती सेल्फ मारताना. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबालाच लावा, क्लॅम्पला नव्हे. दुसरा स्टार्टरच्या जाड टर्मिनलला. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला तर चोर याच वाटेवर आहे. मग निगेटिव्ह खांब आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये हेच मोजा, तिथे 0.2-0.3 व्होल्टच्या वर जाऊ नये. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असल्याने सगळा करंट अर्थिंगच्या पट्टीतूनच परततो, आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत ती पट्टी गंजते. ती घासून घट्ट करणे हे नव्या बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे.

अर्थात बॅटरीही तपासायला हवीच. उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12 म्हणजे जवळपास रिकामी. पण 12.6 दाखवणारी बॅटरीही सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर ती थकलेली समजावी.

आणि चालू इंजिनवर टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी सवय कृपया सोडा. त्या क्षणी व्होल्टेज उसळून ईसीयू जळू शकतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला की झाले. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे.