रोमचं बंदर रोमात नाही

‘रोम ते रोम, सात रात्री’ असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. शेजारी कलोसियमचा फोटो असतो आणि त्याला खेटून पांढरीशुभ्र बोट. प्रत्यक्षात ती बोट रोमच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. ती लागते चिवितावेक्कियाला, म्हणजे रोमपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर. जाहिरातीत शहराचं नाव आणि नकाशात भलतंच गाव, हा प्रकार एकट्या रोमचा नाही. क्रूझवाल्यांचं ‘पॅरिस’ म्हणजे बहुधा ल हाव्र, ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिकच्या काठावरचं वार्नम्युंड, ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘लंडन’ म्हणजे साउदॅम्प्टन आणि ‘बँकॉक’ म्हणजे लेम चाबांग. यातलं लिव्होर्नो त्यातल्या त्यात जवळ. वार्नम्युंडहून बर्लिनला जायचं तर दोनशे किलोमीटरांहून जास्त अंतर काटावं लागतं.

व्हेनिसची गंमत वेगळी. तिथे बंदर शहरातच होतं आणि सान मार्कोच्या चौकासमोरून दहा-बारा मजली बोटी सरकत जायच्या. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या सरकारने पंचवीस हजार टनांवरच्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब बोटींना त्या मार्गाने जायला मनाई केली. तेव्हापासून ‘व्हेनिस’ लिहिलेली बोट मार्गेराच्या औद्योगिक धक्क्यावर मिळते, नाहीतर रावेन्ना किंवा त्रिएस्तेला. म्हणून तिकीट हातात पडलं की शहराचं नाव सोडून द्यावं आणि बंदराचं नाव, टर्मिनलचं नाव आणि धक्का शोधावा. परतीच्या बंदराचंही तेच, कारण काही सफरी जिथून सुटतात तिथे संपत नाहीत.

पूर्वी ही शोधाशोध प्रवाशाने करायची नसे. मुंबईत बॅलार्ड पिअरवर बोटीच्या अगदी कुशीत आगगाडीचं स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल नावाचं. विलायतेची डाक घेऊन बोट धक्क्याला लागली की साहेब, त्यांच्या पेट्या आणि टपालाच्या थैल्या चार पावलं चालून गाडीत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात इथूनच पेशावरकडे सुटायची. दुसऱ्या टोकाला लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून ‘बोट ट्रेन’ निघे ती थेट साउदॅम्प्टनच्या गोदीत. आणि ज्यांना बिस्केच्या उपसागरात बोट लागायची किंवा ज्यांना घाई असायची, ते इंग्लंडात बोटीत चढतच नसत. बोट जिब्राल्टरचा वळसा घालून येईपर्यंत ही मंडळी आठवडाभराने निघून रेल्वेने फ्रान्स ओलांडत आणि मार्सेलला तीच बोट धरत. आजच्या ‘फ्लाय-क्रूझ’चं हे आगगाडीच्या जमान्यातलं रूप.

आपल्या कोकणातल्या आगबोटींना असली बडदास्त नव्हती. बोट खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि हेलकाव्यात शिडी पकडायची. पण आतल्या गावांतली माणसं बंदरावर आदल्या दिवशीच येऊन पथारी पसरत, कारण बैलगाडी केव्हा पोहोचेल याची खात्री कुणीच देत नसे. विमानाने युरोपात बोट धरायला निघालेल्याने हीच सवय उचलावी असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण जुन्या काळात गाडी आणि बोट एकाच वेळापत्रकाला बांधलेली होती. आता तसं नाही. मुंबई-रोम विमान एका कंपनीचं, मधल्या थांब्यानंतरचं कधी दुसरीचं, विमानतळावरून रेल्वे तिसऱ्याची, स्टेशनापासून बस चौथ्याची आणि बोट पाचव्याची. प्रत्येकजण आपापल्या तुकड्यापुरता जबाबदार, तुकड्यांमधला सांधा मात्र प्रवाशाच्या गळ्यात. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर काढली आणि पहिलं लेट झालं, तर दुसरी कंपनी हात वर करते. तिच्या दृष्टीने तुम्ही नुसते गैरहजर. विमानासकट तिकीट क्रूझ कंपनीकडूनच काढलं असेल तर तुम्हाला बोटीपर्यंत किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याचं काम ती बरंच अंगावर घेते. त्यासाठी चार पैसे जास्त मोजावे लागतात, पण पहिल्यांदाच जाणाऱ्याने ते खुशाल मोजावेत. विमा घेतानाही ‘मिस्ड डिपार्चर’ हे कलम पॉलिसीत आहे का ते पाहावं. शेंगेन व्हिसासाठी लागणारं तीस हजार युरोंचं संरक्षण वैद्यकीय खर्चासाठी असतं, चुकलेल्या बोटीसाठी नव्हे.

आता प्रत्यक्ष रस्ता पाहू. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरलेला माणूस सवयीने लिओनार्दो एक्स्प्रेसमध्ये शिरतो. ती मधे कुठे न थांबता अर्ध्या तासात तेर्मिनी स्टेशनात नेते, म्हणजे बोटीच्या दृष्टीने उलट्या दिशेला, शहराच्या पोटात. रोम पाहायचं नसेल आणि थेट बंदर गाठायचं असेल तर साधी लोकल घ्यावी, त्रास्तेवेरेला उतरावं आणि तिथून चिवितावेक्कियाची गाडी पकडावी. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते सारून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, अशा प्रवाशाला तपासनीस दंड करतो आणि ‘आम्ही टुरिस्ट’ ही सबब तिथे फारशी चालत नाही.

चिवितावेक्कियाचं स्टेशन छोटंसं. बाहेर पडून उजवीकडे वळलं की समुद्राच्या कडेने रस्ता जातो आणि समोर एक भक्कम, बुटका किल्ला दिसतो. त्याला मायकेलअँजेलोचं नाव आहे. बंदर त्याहूनही जुनं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट ट्राजनने ते बांधून घेतलं. बोटी दिसतात अगदी जवळ, त्यामुळे बॅगा ओढत चालत जायचा मोह होतो. तो आवरावा. बंदराच्या आत धक्के लांबवर पसरलेले आहेत. लार्गो देल्ला पाचे या जागी जाऊन बंदराची बस घ्यायची आणि आपल्या बोटीचं नाव सांगून बसायचं. एका दिवशी चार-पाच बोटी लागलेल्या असतात आणि लांबून सगळ्या सारख्याच पांढऱ्या.

यात कुठे काय बिनसतं? इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर करून होतात. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडणं बंधनकारक आहे. दुपारच्या बोटीसाठी निघालेल्याने सकाळची ती खिडकी पकडली की काम झालं. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. पहिल्यांदा जाताना बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. नुसता शिक्का मारून घेण्याचे दिवस गेले, म्हणून रांगेसाठी वेळ वाढवून धरावा.

या सगळ्यातून पार पडून कुणी धापा टाकत धक्क्यावर आलं आणि समोर बोट उभी असली, तरी तिच्यात चढता येईलच असं नाही. बोट पाचला सुटणार म्हणजे प्रवाशांची नोंदणी साडेतीन-चारलाच बंद होते. कंपनीगणिक तास-दीड तासाचा फरक. बऱ्याच जणांना हा आडमुठेपणा वाटतो, पण त्यामागे कारणं आहेत. प्रवाशांची अंतिम यादी सरकारकडे आधी जावी लागते; अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटीची यादी निदान साठ मिनिटं आधी द्यावी, असा तिथला नियम आहे. बंदराची खडान्‌खडा माहिती असलेला पायलट ठरल्या वेळी बोटीवर चढतो, दोर सोडणारे लोक आणि टग ठरल्या वेळी येतात आणि कधी त्याच धक्क्यावर दुसरं जहाज लागायचं असतं. उशिरा निघून वेग वाढवावा तर खर्च वेगाच्या कितीतरी पट चढतो. बोट ढकलायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद जवळपास तेहतीस टक्के जास्त. चार प्रवाशांसाठी कुठला कप्तान हा हिशेब मांडेल?

आणखी एक कारण चिवितावेक्कियाशीच जोडलेलं आहे. १३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी ‘कोस्टा काँकॉर्डिया’ याच बंदरातून निघाली आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास जिल्यो बेटाजवळच्या खडकावर आपटली. बत्तीस माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आपत्कालीन कवायत व्हायचीच होती, कारण चढल्यापासून चोवीस तासांत ती घेतली तरी चालेल असा तेव्हा नियम होता. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं सक्तीचं झालं. लाइफ जॅकेट कसं बांधायचं, आपली जमण्याची जागा कुठली, हे प्रत्येकाला सांगून मगच सहसा बोट हलते. शेवटच्या क्षणी आलेल्यांना यात बसवायचं कसं?

(उशीर नशीबवानही ठरू शकतो, हे कबूल. १० एप्रिल १९१२ ला साउदॅम्प्टनमध्ये स्लेड आडनावाचे तीन भाऊ पबमधून निघून बोटीकडे धावले, वाटेत एक आगगाडी आडवी गेली आणि ते पोहोचेपर्यंत फळी काढून घेतली होती. ते बोटीवर कामाला जाणारे खलाशी होते आणि ती बोट टायटॅनिक होती. पण यावर भिस्त ठेवून कुणी प्रवास आखू नये.)

उशिराइतकाच लवकर पोहोचण्याचाही त्रास आहे, आणि तो खास आपल्याकडच्या मंडळींना होतो. सकाळी त्याच बोटीतून हजारो माणसं उतरत असतात, त्यांच्या बॅगा बाहेर येत असतात, भाजीपाला आणि चादरी आत जात असतात. आठ वाजता पोहोचलेल्या कुटुंबाला उन्हात उभं राहावं लागतं. म्हणून कंपन्या आता प्रत्येकाला येण्याची वेळ देतात. ती पाळावी. आदल्या रात्री बंदराच्या गावात मुक्काम करायचा तो यासाठीच, की सकाळी न्याहारी करून, आंघोळ करून, आपल्या वेळेला दहा मिनिटांत जाता यावं.

धक्क्यावर पहिली भेट होते ती हमालांची. मोठ्या बॅगांना घरीच छापून आणलेली केबिन नंबरची पट्टी स्टेपल करायची आणि त्या तिथे सोडून द्यायच्या. त्या केबिनच्या दाराशी यायला कधी संध्याकाळ होते. म्हणून पासपोर्ट, औषधं, चष्मा, मोबाइलचा चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत हवेत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेला की पुढच्याच टेबलावर अडकायला होतं. चहासाठी नेलेली विजेची किटली आणि इस्त्री बहुतेक सगळ्या बोटींवर काढून घेतात, आगीच्या भीतीने. घरचे लाडू-चकल्या चालतील की नाही ते कंपनीच्या नियमात वाचावं. सहसा कारखान्यात बंद केलेली पाकिटं चालतात, डब्यातलं नाही.

व्हिसाचं एक बारकं कलम मात्र घरबसल्याच नीट पाहायचं. रोमहून निघून ग्रीसची बेटं करत बोट तुर्कस्तानातल्या कुशादासीला गेली, की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. परत इटलीत यायला बहुप्रवेशी व्हिसा हवा. एकप्रवेशी व्हिसावर निघालेल्याला बोटीच्या काउंटरवरच थांबवतात. क्रोएशिया जानेवारी २०२३ मध्ये शेंगेनमध्ये आला, तुर्कस्तान आणि माँटेनेग्रो नाहीत. तेव्हा जुन्या प्रवासवर्णनावर विसंबू नये. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

एकाच शहरात दोन-तीन धक्के असले की वेगळा घोळ. आपल्या सहलींच्या आवडत्या सिंगापूरमध्ये मरीना बे क्रूझ सेंटर एकीकडे आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर दुसरीकडे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ म्हटलं तर तो त्याच्या अंदाजाने नेतो. साउदॅम्प्टनमध्ये पाच टर्मिनल आहेत आणि गोदीचे दरवाजेही वेगवेगळे.

मुंबईतही हेच. ‘बोटीचा धक्का’ म्हटलं की चालक भाऊच्या धक्क्याला नेईल, कारण मांडव्याची रो-रो तिथून सुटते. नाहीतर गेटवेला, अलिबागच्या लाँचकडे. क्रूझ सुटते बॅलार्ड पिअरवरून. तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला झालं. पुढच्याच महिन्यात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, त्यामुळे टी-२ विमानतळावर उतरलेल्याला थेट सीएसएमटीपर्यंत येता येतं आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड इस्टेट अगदी हाकेच्या अंतरावर. पूर्व उपनगरांतून येणाऱ्यांना ईस्टर्न फ्रीवे सोयीचा. पुणेकरांनी घाटातल्या कोंडीवर भरवसा ठेवण्यापेक्षा सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन घ्यावी. रविवारी मात्र मेगाब्लॉकचं वेळापत्रक आधी पाहून घ्यावं.

इतकं करूनही बोट चुकलीच तर? पहिला फोन क्रूझ कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकाला करायचा, विमानतळावर अडकल्याचं कळताक्षणी, बोट सुटल्यावर नव्हे. पुढच्या बंदरात चढायला परवानगी मिळेल की नाही हे तिथला कायदा आणि तुमचा व्हिसा ठरवतो. मायामीहून सुटलेली बोट ‘की वेस्ट’ला गाठतो म्हटलं तर १८८६ चा अमेरिकी कायदा आडवा येतो, कारण परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. भूमध्य समुद्रात हे तुलनेने सोपं. रोमला चुकलेली बोट नेपल्सला धरता येते आणि जलद गाडी तासाभरात तिथे पोहोचवते. कंपनीचा स्थानिक एजंट प्रत्येक बंदरात असतो. त्याचं नाव आणि फोन बोटीच्या कागदपत्रांत मिळतो. तो नंबर मोबाइलमध्ये तर ठेवावाच, शिवाय एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये घालावा, कारण चोवीस तास विमानतळांवर घालवलेल्या माणसाच्या मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.