गणपतीच्या शाळेतून सासवण्याकडे

श्रावण लागला की रत्नागिरीतल्या गणपतीच्या शाळा रात्री उशिरापर्यंत जाग्या असतात. ज्याने-त्याने आपला पाट आणून दिलेला असतो. अशा शाळेत बसलो की माझी नजर मूर्तिकाराच्या अंगठ्यावर खिळते. साच्यातून आकार निघतो, पण सोंडेचं वळण आणि पोटाचा भरीवपणा ओल्या बोटानं आणि कोरणीनंच येतो. माती सैल राहिली तर हात खचतो, लवकर सुकली तर तडा जातो. ही पारख सवयीनं बोटांत मुरते.

कोकणच्या या मातीकामातून निघून देशभर नाव मिळवणारा शिल्पकार म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर. जन्म १८९१, अलिबागजवळच्या सासवण्यात. वडील गणपती करायचे. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलानं काढलेला अश्वारूढ शिवाजी कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी करून दिली. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या ओळखीनं कलकत्ता, तिथून लंडनची रॉयल अकादमी. भिंतीवरचा तो घोडेस्वार १९२८ मध्ये पुण्यात ब्राँझमध्ये उभा राहिला: साडेतेरा फूट उंच, सुमारे आठ टन वजनाचा, मुंबईत माझगावच्या गोदीत एकसंध ओतलेला.

पण करमरकर समजून घ्यायचे तर सासवण्याला त्यांच्या घरी जावं. तिथल्या संग्रहालयात सिमेंटची शिल्पं आहेत. सिमेंटचं काम कष्टाचं. मातीच्या शिल्पावर आधी रंग मिसळलेल्या प्लॅस्टरचा पातळ थर देतात, त्यावर जाड पांढरा. साचा उघडून माती काढायची, आतून साबण-तेलाचा हात फिरवून सिमेंट भरायचं. ते आवळलं की छिन्नीनं साचा फोडायचा. रंगीत थर दिसला की हात हलका करायचा, कारण खाली लगेच शिल्पाची कातडी असते. एक घाव चुकला तर नाक जातं. साचाही फुटून गेलेला, त्यामुळे दुसरी संधी नाही.

एवढी मेहनत त्यांनी गावातल्या माणसा-जनावरांवर खर्च केली. तिथली सिमेंटची म्हैस पाहून पाहुणे खरी समजून थबकतात. राजाच्या पुतळ्याला दिलेलं लक्ष त्यांनी म्हशीलाही दिलं, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९६७ मध्ये ते गेले.

आज कला शिकायला कोकण सोडावं लागत नाही; आपल्या जिल्ह्यात सावर्डे आणि देवरुखला कलामहाविद्यालयं आहेत. तिथल्या मुलांनी आधी आपल्या वाडीतली गणपतीची शाळा नीट पाहावी, मग सासवणे गाठावं. मुंबईला जायचं ते त्यानंतर. मग आपण इथून काय घेऊन निघालो आहोत, हे त्यांना ठाऊक असेल.