सामायिक कुरणाची शोकात्मिका : एका दृष्टान्ताची मर्यादा

सिद्धान्ताचा प्रसार पुष्कळदा त्याच्या पुराव्यापेक्षा त्याच्या कथारूपामुळे होतो. अर्थशास्त्रातील ‘सामायिक कुरणा’ची कल्पना हे याचे ठळक उदाहरण होय. विल्यम फॉर्स्टर लॉइड यांच्या १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत तिचे बीज आढळते. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाच्या ‘सायन्स’मधील निबंधाने ती सर्वतोमुखी झाली.

दृष्टान्त असा : कुरण सर्वांस खुले आहे. एखाद्या पशुपालकाने एक जनावर वाढवले, तर त्याचा लाभ त्या एकट्यास मिळतो. अतिचराईची हानी मात्र सर्वांत विभागली जाते. पशुपालक शंभर असतील, तर हानीचा शंभरावा भागच त्याच्या वाट्यास येतो. संयम पाळावा, तर राखलेले गवत इतरांची जनावरे खातात. अशा रीतीने प्रत्येकाच्या शहाणपणातून कुरण उजाड होते.

हार्डिन यांनी यास ‘शोकात्मिका’ म्हटले. व्हाइटहेड यांना अनुसरून त्यांना दुःखापेक्षा घटनाक्रमाची अटळता अभिप्रेत होती. साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने प्रश्न येथेच उद्भवतो. ग्रीक शोकात्मिकेत कोरस असतो. तो विचारतो, सावध करतो, विलाप करतो. हार्डिन यांच्या कुरणावर कोरस नाही. तेथील माणसे हिशेब करतात, परंतु परस्परांशी बोलत नाहीत. कथेची सारी अटळता या मौनावर उभी आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) या ग्रंथात बोलणाऱ्या, नियम करणाऱ्या समूहांचा अभ्यास मांडला. स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल गावाच्या १५१७ च्या नियमानुसार, हिवाळ्यात स्वतः पोसता येतील त्यांहून अधिक गाई कोणासही सामायिक कुरणावर पाठवता येत नसत. धुळे-नाशिक परिसरातील फड पद्धतीतही हेच तत्त्व दिसते : एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने द्यावयाचे. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्वतः हार्डिन यांनीही १९९८ मध्ये ‘सायन्स’मध्येच, ‘अव्यवस्थापित’ हे विशेषण गाळणे ही आपली मोठी चूक होती, असे मान्य केले.

याचा अर्थ दृष्टान्त निराधार आहे, असा नव्हे. भारतातील भूजलाच्या उपशात त्याचा प्रत्यय येतो. तेथे पाण्याची सीमा दिसत नाही आणि शेजाऱ्याचा उपसा मोजला जात नाही. परंतु दृष्टान्तास नियम मानल्यास शासकीय नियंत्रण अथवा खाजगी मालकी हे दोनच मार्ग उरतात, आणि गायरानावर ज्याची चार जनावरे जगतात त्या भूमिहीनास दोन्हींत स्थान उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या जमिनी बळकावणारे म्हणून धन, बळ व राजकीय वजन असणाऱ्यांकडे बोट दाखविले. ही हानी अनेकांच्या क्षुद्र लोभातून घडलेली नव्हती. तिचे कथानक निराळे आहे आणि हार्डिन यांच्या दृष्टान्तात त्यास जागा नाही.