जंगल नेमकं कधी जमलं?

तळ्याच्या तळाशी पोकळ नळी खोल रुतवून गाळाची लांब कांडी वर काढायची. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. त्यातला चिमूटभर गाळ धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की हजारो वर्षांपूर्वीचे परागकण दिसतात, आणि त्यांच्या घडणीवरून झाड ओळखता येतं. पाइनच्या कणाला तर दोन बाजूंना दोन फुगे असतात!

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या तळ्यांतले असे थर मार्गारेट डेव्हिस यांनी वाचले आणि एक जुना वाद जवळजवळ निकालात निघाला. 1916 मध्ये फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी मांडलं होतं की वनस्पतींचा समूह हा एक सजीव देहच. तो जन्मतो, वाढतो, ठरलेल्या पूर्णावस्थेला पोचतो. हेन्री ग्लीसन यांना हे पटलं नाही. 1926 मध्ये त्यांनी लिहिलं की बी जिथे पोचेल आणि हवापाणी मानवेल तिथे प्रत्येक जात आपल्यापुरती रुजते. फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे रॉबर्ट व्हिटेकर यांनी ग्रेट स्मोकी पर्वताच्या उतारांवर झाडं मोजली. ठरावीक उंचीवर अख्खा संच बदलेल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रत्येक जातीचा चढउतार वेगळा निघाला.

गाळाने काळाचीही साक्ष दिली. हिमयुगाचा बर्फ मागे हटल्यावर झाडं उत्तरेकडे सरकली, पण वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या वेळी. हेमलॉक कनेक्टिकटला पोचल्यावर हजारो वर्षांनी चेस्टनट आला, जेमतेम 2000 वर्षांपूर्वी. ज्याला आपण सहज ‘आदिम अरण्य’ म्हणू, ते मुक्कामावर भेटलेल्या प्रवाशांसारखं अलीकडे जमलेलं! विसाव्या शतकात बुरशीच्या रोगाने चेस्टनटची मोठी झाडं जवळपास संपली. जंगल मात्र राहिलं. ओक आणि इतरांनी जागा भरली.

मग नाती नसतातच का? असतात, आणि कधी विलक्षण घट्ट असतात. 1963 पासून रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर खडकाच्या एका पट्ट्यातले तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. खाणारं कुणी उरलं नाही, तसे शिंपले खडकभर पसरले आणि इतरांना पाय टेकायला जागा उरेना. 15 जातींच्या 8 झाल्या. चेस्टनट गेला तरी अरण्य उभं राहतं आणि एक तारामासा गेला की खडकाचं रूप पालटतं. कोणती जात कुठल्या बाजूची, हे नुसतं पाहून आजही सांगता येत नाही.