दोष वायरमा शे

सुरतेत उधना तीन रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका गल्लीत ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान. श्रावणातली सर नुकतीच ओसरली आहे. समोरच्या गाळ्यांतून लूमचा खडखडाट चालूच आहे. दुकानापुढे स्कूल व्हॅन उभी. चालक नंदुरबारकडचा, मिस्तरी शहाद्याचा. उधना-जळगाव रेल्वेने खानदेशातली माणसं इकडे येत राहिली, रुजली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत अहिराणी सर्रास कानावर पडते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते.

"रिव्हर्स टाकला की स्क्रीन निळी. नो सिग्नल. मधूनच दिसतं, मधूनच जातं," चालक सांगतो. "स्टँडवर सगळे म्हणतात, केमेरो बदली नाखो. बदलू का भाऊ?"

"थांब जरासा. पहिले देखू दे."

मिस्तरी चाकाला वीट लावतो, हँडब्रेक ओढायला सांगतो. इंजिन बंद, नुसती किल्ली फिरवलेली, गियर रिव्हर्समध्ये. मागचा पांढरा दिवा लागतो आणि स्क्रीन गाणी सोडून निळी होते. एवढ्यावरच त्याने अर्धं निदान केलेलं आहे. दिवा लागला म्हणजे फ्यूज आणि गियरबॉक्सवरचा स्विच ठीक. स्क्रीन आपणहून बदलली म्हणजे रिव्हर्सचा इशारा तिथवर पोचतोय. चित्र तेवढं पोचत नाही. मग कॅमेरा गेलाय, नाहीतर चित्राची केबल, नाहीतर कॅमेऱ्याची वीज. बहुधा या तिन्हींपैकीच एक.

डिकी उघडून तो कॅमेऱ्याच्या जोडावर मल्टिमीटरची टोकं टेकवतो. आकडा उमटतो, 12.3. वीज येतेय म्हटल्यावर चालकाचा चेहरा पडतो, कॅमेराच गेला म्हणायचा! मिस्तरी मान हलवतो आणि त्याच जागी इंडिकेटरचा बल्ब लावतो. बल्ब पेटत नाही. आतली तार फक्त लालसर होते. मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे वायरीत तांब्याचा एखादा गंजका धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. बल्बला खरी वीज लागते. ही साधी चाचणी प्रत्येक गॅरेजात आधी व्हायला हवी. तिच्यावाचून चांगले कॅमेरे भंगारात जातात आणि नवा बसवूनही स्क्रीन निळीच राहते.

"दोष कॅमेरामा नही, वायरमा शे."

कॅमेऱ्याचा जोड परत लावून तो डिकी हळूहळू खाली आणतो. अर्ध्यावर येताच स्क्रीनवर गल्ली उमटते, ओला रस्ता, पाण्याचा ड्रम, उभी सायकल. आणखी खाली आणली, पुन्हा निळं. मग त्याचा हात थेट बिजागरीजवळच्या रबरी नळीकडे जातो. बॉडीतून डिकीत जाणाऱ्या वायरी याच नळीतून जातात आणि डिकी उघडली, मिटली की दर वेळी तिथेच वाकतात. शाळेच्या गाडीची डिकी तर दप्तरांसाठी सतत उघडायची!

नळी मागे सरकवल्यावर कॅमेऱ्याला वीज नेणारी लाल वायर वरून धड दिसते. मिस्तरी ती चिमटीत धरून बोट बोट पुढे नेतो. एका जागी ती एकदम लुळी पडते. तिथलं प्लास्टिक तो ब्लेडने सोलतो, तर आत हिरवट काळा चुरा आणि त्यात अडकलेला केसाएवढा एक धागा. धाग्यांचे तुकडे पडले, वर सुरतेची दमट हवा आणि पावसाचं पाणी.

नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणं त्याला मान्य नाही. नव्या, बारीक धाग्यांच्या मऊ वायरीचा तुकडा तो थोडा जास्तच कापतो, म्हणजे वाकताना ताण पडणार नाही. दोन्ही जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घेतो, कथिल लावतो, वरून स्लीव्ह तापवून घट्ट बसवतो. जुनी काळी वायर शाबूत असूनही तीही बदलतो. "ती बी आज ना उद्या जाईच."

आता बल्ब लख्ख पेटतो. पण मिस्तरीचं समाधान अजून झालेलं नाही. बंपरपासून टेपने एक मीटर मोजून तो वीट ठेवतो, स्क्रीनवरच्या लाल रेषेशी ताडून पाहतो आणि कॅमेरा किंचित खाली वळवतो. कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं, त्यामुळे मागची वस्तू आहे त्याहून लांब वाटते, हेही चालकाला बजावतो.

हा काटेकोरपणा मला महत्त्वाचा वाटतो. 2002 साली अमेरिकेत कॅमेरून गुलब्रॅन्सेन हा दोन वर्षांचा मुलगा वडीलच मागे घेत असलेल्या गाडीखाली गेला. त्याच्या नावाने 2008 मध्ये कायदा झाला आणि मे 2018 पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत. कॅमेऱ्याची सक्ती त्या नियमात नाही. तो चालू ठेवणं गाडीवाल्याच्याच हाती.

तुमच्या मुलांच्या व्हॅनमध्ये कॅमेरा असेल तर उद्या सकाळी चालकाला रिव्हर्स टाकून दाखवायला सांगा. स्क्रीन निळी झाली तर आधी वायर तपासून घ्यायला लावा. आणि ती दुरुस्त होईपर्यंत गाडी मागे घेताना एका मोठ्या माणसाने खाली उतरून बाजूला उभं राहावं आणि मुलांना लांब ठेवावं.