बसचं तिकीट, बाईकचा हप्ता आणि घरचा हिशेब

मिठबावहून देवगडला किंवा कणकवलीला जायचं तर आपल्याकडे बरीच घरं अजून एसटीवर अवलंबून आहेत. याच पट्ट्यातला मुलगा नोकरीसाठी मुंबईला जातो, कुर्ल्याला किंवा मीरा रोडला भाड्याने खोली घेतो आणि दोन-तीन वर्षांत हप्त्यावर बाईक उचलतो. मग त्याला सांगितलं जातं, शहरात धूर वाढलाय, गाडी सोड, बसने जा. सल्ला चुकीचा नाही. पण त्याचा हिशेबही बघायला हवा.

९ जुलै २०१९ ला बेस्टने पहिल्या पाच किलोमीटरचं तिकीट ८ वरून ५ रुपये केलं. एसी बसचं तर २० वरून थेट ६ रुपये. काही महिन्यांतच रोजचे प्रवासी वीस लाखांच्या आतून तीस लाखांच्या आसपास गेले. कोणतीही जनजागृती मोहीम हे करू शकली नसती. ९ मे २०२५ पासून हेच तिकीट साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालं.

आता मियाँ-बीवी दोघांनी पाच किलोमीटर जायचं म्हणा. जुन्या दराने एसी बसला १२ रुपये लागायचे, आता २४ लागतात. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर तेवढ्याच अंतराला साधारण १२ रुपयांचं पेट्रोल पिते. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग वेगळं, पण एकदा गाडी दारात आली की ते खर्च रोज कोण मोजतो? जुन्या दरात बस स्कूटरच्या बरोबरीला होती, आता दुप्पट महाग पडते.

तिकिटाहून मोठा प्रश्न वाट बघण्याचा. पंधरा वर्षांपूर्वी बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच ठेकेदारांच्या. बस अर्धा-अर्धा तास येत नसेल तर माणूस शेअर रिक्षा पकडतो, नाहीतर लोकलच्या दारात लटकतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले, काहींचे जनाजेच घरून निघाले. गर्दी वाटून घ्यायला दुसरी सोय नसते तेव्हा काय होतं, ते तिथे दिसलं.

रस्ता कुणासाठी बांधला जातो तेही बघा. २००२ मध्ये मोहम्मद अली रोडवर जे.जे. उड्डाणपूल झाला. कारवाले वरून सुसाट जातात. बसस्टॉप, गर्दी, हॉर्न नि धूर खाली मोहल्ल्यात. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या कोस्टल रोडवर तर बाईक-रिक्षालाही मनाई आहे. चाळीस माणसांची बस जेमतेम तीन कारची जागा घेते. तिला स्वतंत्र लेन मिळाली तरच ती वेळेवर येणार. पुण्याने २००६ मध्येच बीआरटी सुरू केली, पण लेनमध्ये खाजगी गाड्या घुसत राहिल्या आणि पुढे काही मार्ग उखडलेही गेले.

बायकांचा प्रवास मात्र वेगळा विषय आहे. घरात एकच बाईक असली तर ती सकाळी अब्बा नाहीतर भाई घेऊन जातो. मुलीचं कॉलेज, अम्मीचा दवाखाना हे सगळं बस-रिक्षावर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून गावाकडची खाला तालुक्याला निर्धास्त जाते. मुंबईतल्या तिच्या भाचीला बेस्टमध्ये पूर्ण तिकीट. बेंगळुरूत जून २०२३ पासून शहर बसही महिलांना मोफत आहे, दिल्लीत तर २०१९ पासूनच.

(जुम्याच्या नमाजला पाच मिनिटांच्या मशिदीतही बाईक घेऊन जाणारे आणि गल्ली अडवणारे भाई यात धरलेले नाहीत. त्यांना तिकिटाची अडचण नाही.)

नगरसेवक भेटले की गटार नि पाण्यासोबत हेही विचारा: आपल्या स्टॉपवर कुठल्या नंबरची बस येते, किती मिनिटांनी येते आणि रात्री शेवटची कधी? मुलगी क्लासवरून त्याच बसने परतणार असते.