हरी बालकृष्णन

हरी बालकृष्णन हे भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ असून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. संगणक जाळी, वितरित प्रणाली व मोबाइल संवेदन ही त्यांची प्रमुख संशोधनक्षेत्रे होत. जाळ्यातील दुवे तुटतात, संगणक बंद पडतात आणि माहिती वाटेत हरवते. तरीही वापरणाऱ्याला खात्रीची सेवा कशी देता येईल, हा प्रश्न त्यांच्या बहुतेक संशोधनाच्या मुळाशी आहे.

जन्म व शिक्षण

बालकृष्णन यांचा जन्म नागपूर येथे झाला. त्यांचे बालपण मुंबई व चेन्नई येथे गेले. १९९३ मध्ये आयआयटी मद्रासमधून त्यांनी संगणकशास्त्रात बी.टेक. पदवी घेतली. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरातून त्यांना पीएच.डी. मिळाली व त्याच वर्षी ते एमआयटीत रुजू झाले.

बिनतारी जाळ्यांवरील संशोधन

इंटरनेटवरील बहुतांश माहिती टीसीपी या नियमावलीनुसार पाठवली जाते. पाठवलेल्या पॅकेटची पोच न मिळाल्यास वाटेत गर्दी झाली असावी, असे टीसीपी मानते आणि वेग कमी करते. तारांच्या जाळ्यात हा तर्क बहुधा बरोबर ठरतो. बिनतारी दुव्यावर मात गर्दी नसतानाही केवळ संदेशातील व्यत्ययामुळे पॅकेट हरवते आणि वेग विनाकारण घटतो. यावर उपाय म्हणून बालकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्नूप’ ही पद्धत मांडली. यात तळकेंद्र मोबाइल उपकरणाकडे जाणाऱ्या पॅकेटांच्या प्रती जवळ ठेवते आणि हरवलेले पॅकेट स्वतःच पुन्हा पाठवते. त्यामुळे मूळ प्रेषकाचा गैरसमज होत नाही.

कॉर्ड

२००१ मध्ये आयन स्टोइका, रॉबर्ट मॉरिस, डेव्हिड कार्गर, फ्रान्स काशोक व बालकृष्णन यांनी ‘कॉर्ड’ ही वितरित शोधपद्धती प्रसिद्ध केली. हजारो संगणकांवर विखुरलेली माहिती कोणत्याही मध्यवर्ती यादीशिवाय शोधणे, हा तिचा उद्देश होता. प्रत्येक संगणकाला व माहितीच्या प्रत्येक घटकाला एका काल्पनिक वर्तुळावर स्थान दिले जाते. वर्तुळावर पुढे येणारा पहिला संगणक त्या घटकाची जबाबदारी घेतो. प्रत्येक संगणक दुपटीने वाढत जाणाऱ्या अंतरांवरील मोजक्याच संगणकांचे पत्ते ठेवतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्यात उरलेले अंतर निम्म्याहून कमी होते आणि १० लाख संगणकांच्या जाळ्यातही सुमारे २० टप्प्यांत उत्तर मिळते. एखादा संगणक जाळ्यात आला वा बाहेर पडला, तरी थोडीच माहिती हलवावी लागते.

मूळ शोधनिबंधातील वर्तुळ दुरुस्त करण्याच्या पद्धतीत मात्र त्रुटी होत्या. काही विशिष्ट क्रमाने संगणक आले वा बंद पडले, तर वर्तुळ कायमचे बिघडू शकते, हे पामेला झेव्ह यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणातून दाखवले. पुढे त्यांनीच दुरुस्त आवृत्ती मांडून तिची अचूकता सिद्ध केली. अनेक तज्ज्ञांनी वाचलेल्या व वापरलेल्या पद्धतीतही असे दोष लपून राहू शकतात, याचे हे उदाहरण मानले जाते.

पर्यायी मार्ग व मोबाइल संवेदन

इंटरनेटवरील मार्ग खंडित झाल्यावर नवा मार्ग स्थिर होण्यास कित्येक मिनिटे लागू शकतात. २००१ मध्येच मांडलेल्या ‘रॉन’ या प्रणालीत निरनिराळ्या ठिकाणचे संगणक परस्परांमधील मार्ग सतत तपासतात आणि थेट मार्ग तुटल्यास तिसऱ्या संगणकामार्फत माहिती पाठवतात. चाचण्यांमध्ये हा बदल सरासरी २० सेकंदांहून कमी वेळात झाला.

‘कारटेल’ प्रकल्पात वाहनांनाच फिरती संवेदन-केंद्रे बनवण्यात आले. २००८ मध्ये बॉस्टन परिसरातील ७ टॅक्सींवर त्वरणमापक व जीपीएस बसवून रस्त्यांवरील खड्डे शोधण्यात आले. दार आपटणे, रेल्वे फाटक ओलांडणे यांमुळे बसणारे हादरे खड्ड्यांपासून वेगळे ओळखणे, हा त्यातील अवघड भाग होता. याच दिशेने पुढे जात २०१० मध्ये त्यांनी सॅम्युएल मॅडन व विल्यम पॉवर्स यांच्यासह ‘केंब्रिज मोबाइल टेलिमॅटिक्स’ ही कंपनी स्थापन केली. स्मार्टफोनमधील संवेदकांच्या साहाय्याने वाहन चालवण्याच्या सवयी मोजून रस्ते अधिक सुरक्षित करणे, हे तिचे कार्यक्षेत्र आहे.

पुरस्कार

बालकृष्णन यांच्या प्रबंधाला १९९८ चा एसीएम प्रबंध पुरस्कार मिळाला. २०२० चा इन्फोसिस पुरस्कार (अभियांत्रिकी व संगणकशास्त्र) आणि २०२३ चा मार्कोनी पुरस्कार हे त्यांना मिळालेले अन्य प्रमुख सन्मान होत.